प्रतिवेदना

रसिका हिवरकरच्या डाव्या डोळ्यासमोर ती चमकती, नागमोडी रेघ उमटली तेव्हा तिच्या कानात कामठीचा एक माणूस रडत होता. त्याची आई जिन्यावरून पडली होती. पडद्यावर त्याचा पत्ता दिसत होता, पण त्यातली अक्षरं एकेक करून त्या रेघेखाली गडप होऊ लागली होती.

"आईला हलवू नका," रसिका शांतपणे म्हणाली. "मान तर अजिबात हलवू नका. गाडी निघाली आहे. तुम्ही फक्त तिच्याशी बोलत राहा."

गाडी खरोखरच निघाली होती. तो माणूस थापा मारत नाही ना, आई खरंच पडली ना, असं तिनं विचारलं नव्हतं. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात असं विचारत नाहीत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिथं शिकवतात की, समोरचा सांगतो ते खरं धरायचं आणि गाडी सोडायची.

फोन संपल्यावर तिनं हात वर केला. पाळीप्रमुख सोनटक्के खुर्च्यांमधून वाट काढत आले.

"सर, माझी जागा कुणाला तरी द्या. सुरू होतंय. थोड्या वेळात मला पडद्यावरचं काही वाचता येणार नाही."

"परत? मागच्या आठवड्यात झालं होतं ना तुमचं ते डोकं?"

"हो सर."

"आज शनिवार आहे. उद्या तुमची सुट्टी." सोनटक्क्यांनी शेजारच्या दोघांकडे बघत हे इतक्या जोरात म्हटलं की त्यांनाही ऐकू जावं. "बरं जुळून येतं हो तुमचं."

रसिकानं कानावरचा हेडफोन उतरवून ठेवला. बोलण्यातही वेळ गेला असता. मे महिन्यातलं नागपूर बाहेर भट्टीसारखं पेटलं होतं. ओढणी डोळ्यांवर बांधून ती रिक्षात बसली, आणि वर्धा रोडवर एका झाडाखाली रिक्षा थांबवून ओकली. पाणपोईवरची बाई शेजारणीला म्हणाली, "भरदुपारी पिऊन आली वाटतं." तोवर डाव्या डोळ्यामागं खिळा ठोकायला सुरुवात झाली होती.

सोमवारी नियंत्रण कक्ष चालवणाऱ्या कंपनीनं तिला निलंबित केलं. कारण दिलं, कामचुकारपणा.

*

ही डोकेदुखी रसिकाला शाळेत असल्यापासून होती. आधी चष्म्याचा नंबर बदलून झाला. मग सायनस निघालं, मग पित्त, मग अभ्यासाचं टेन्शन. एका डॉक्टरांनी सांगितलं, लग्न झालं की थांबेल. दुसऱ्यांनी सांगितलं, मूल झालं की थांबेल. ओवी झाली, ती अकरा वर्षांची झाली, आणि आता तिसरे म्हणत होते, पाळी गेली की थांबेल. तिच्या आयुष्यातली प्रत्येक घटना ही डोकेदुखी थांबवण्यासाठीच घडणार होती, आणि घडून गेली तरी डोकं तसंच दुखत होतं. जी औषधं मिळाली त्यांनी कधी महिनाभर बरं वाटलं, कधी नुसतीच झोप आली.

नवरा वाईट असता तर गोष्ट सोपी होती. पण हर्षल चांगला माणूस होता. तो एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता. ती अंधार करून पडली की तो ओवीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचा, टीव्हीचा आवाज बंद करायचा, वरणभात लावायचा. आणि दुसऱ्या दिवशी ती उठून ओट्याशी आली की अगदी प्रेमानं म्हणायचा, "थोडं मनावर घेणं कमी कर गं. डोकं सगळ्यांचंच दुखतं."

सासूबाई, ज्योत्स्नाबाई, मूळच्या आर्वीच्या. त्या प्रेमानंही म्हणायच्या नाहीत. "आमाले डोकं दुखाले सवड होती का वो? चार म्हशी होत्या."

निलंबनाची बातमी ऐकून हर्षल मात्र उत्साहात आला. "हे बरंच झालं एका अर्थी," तो म्हणाला. "आता पडताळणी होईल. एकदाचं सिद्ध होऊन जाईल."

सरकारनं नुकताच वेदना-रजेचा कायदा केला होता. डोकेदुखीच्या तीव्र आजारात माणसाला पगारी रजा मिळावी असं त्यात लिहिलं होतं, आणि त्याच्याखालीच लिहिलं होतं की मालकाला शंका आल्यास तो पडताळणी मागू शकतो. ही पडताळणी शक्य झाली होती ती शहरातल्याच एका संशोधन संस्थेत लागलेल्या शोधामुळं, आणि तो शोध लावला होता डॉ. वृषाली खोब्रागडे यांनी.

*

डॉक्टरांची खोली लहान होती. टेबलावर मेंदूची प्रतिकृती वगैरे काही नव्हतं. एका ताटलीत संत्री होती.

"खा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः एक सोलायला घेतलं. "बघा, मेंदूला स्वतःला काहीच दुखत नाही. त्याला सुईनं टोचलं तरी कळत नाही. दुखतं ते त्याच्यावरचं आवरण. फोडीला कळत नाही, सालीला कळतं, असं समजा. त्या सालीत एका जाड मज्जातंतूचे धागे पसरलेले असतात. ट्रायजेमिनल म्हणतात त्याला. चेहरा, डोळे, दात, सगळ्यांच्या वेदना तोच वाहून नेतो. म्हणून तर तुमच्यासारख्या लोकांचे डोळे तपासतात, दात उपटतात, आणि काही निघत नाही."

"माझी दाढ काढली होती," रसिका म्हणाली. "चांगली होती."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही. "पूर्वी वाटायचं, रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखतं. तसं नाही. सुरुवात खूप आधी होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून एक इवलासा भाग आहे. झोप, भूक, तहान तोच सांभाळतो. डोकेदुखीच्या झटक्याच्या आदल्या दिवशी तो बिघडतो. तुम्हाला जांभया येतात? उगाच गोड खावंसं वाटतं?"

"गूळ," रसिका म्हणाली. "सासूबाई म्हणतात, खा खा खाते आणि मग डोकं धरून बसते."

"उलटं आहे ते. खाल्लं म्हणून दुखत नाही. दुखणं निघालेलं असतं, म्हणून खावंसं वाटतं. मग मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट सरकते, गोगलगायीसारखी हळू. ती दृष्टीच्या भागावरून जाते तेव्हा तुम्हाला त्या रेघा दिसतात. आणि मग तो जाड मज्जातंतू आपल्या टोकांतून काही रेणू सोडतो. त्या रेणूंनी सालीला आग लागते. इथवर जगाला माहीत होतं. पण कोडं असं होतं की, हेच रेणू निरोगी माणसाला टोचले तर त्याचं डोकं जरासं जड होतं, आणि तुमच्यासारख्याला टोचले तर पूर्ण झटका येतो. असं का?"

"का?"

"दार. प्रत्येकाच्या मेंदूत एक दार आहे, हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठाच्या मध्ये. निरोगी माणसात ते घट्ट बंद असतं. तुमच्यात जन्मापासून सैल आहे. स्वभाव नाही, नाजूकपणा नाही, मनावर घेणं नाही. पेशींच्या भिंतीतली काही प्रथिनं वेगळी घडलेली आहेत, इतकंच. त्या दाराची जागा आणि ते उघडणारी किल्ली आम्हाला सापडली."

रसिका खोलीच्या खिडकीकडं बघत राहिली. इतकी वर्षं कुणीतरी हे एवढंच सांगायला हवं होतं. हर्षल शेजारीच बसला होता. तो संत्र्याच्या शिरा काढत होता.

"मग ते दार बंद करायचं औषध?" तिनं विचारलं.

"केलंय. प्राण्यांवर चाललं, थोड्या माणसांवर चाललं. मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात, त्याला पैसा लागतो. तो अडलाय." डॉक्टर संत्र्याची साल गोळा करू लागल्या. "औषध चाललं की नाही हे बघायला आधी झटका आणता यायला हवा. म्हणून मी दार उघडणारा फवाराही केला होता. रुग्णाच्या रक्तात झटक्याच्या वेळी जे रेणू ज्या प्रमाणात असतात, त्याच प्रमाणात ते त्या फवाऱ्यात घालायचे. म्हणजे ज्याच्या नाकात तो मारू त्याला थोडा वेळ नेमकी त्या रुग्णाची डोकेदुखी होते. आम्ही त्याला प्रतिवेदना म्हणतो. प्रयोगशाळेतलं एक हत्यार होतं ते. पण विमा कंपन्यांनी ऐकलं, कारखान्यांनी ऐकलं, आणि सगळा पैसा तिकडं गेला. आता पडताळणी समितीचा माणूस रुग्णाचा फवारा स्वतः घेतो आणि दुखणं खरं की खोटं ते ठरवतो. बरं करायची घाई कुणालाच नाही. खोटं बोलणारे पकडायची सगळ्यांना आहे."

रसिकाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे औषधाच्या आधी पुरावा बाजारात आला?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

*

पुढचा झटका आला तेव्हा हर्षलनं तिला संस्थेत नेलं. डोळ्यावर पट्टी, हातात ओकारीची पिशवी अशा अवस्थेत तिनं रक्त दिलं. त्यातून तिचा फवारा तयार झाला. मग एका चांगल्या दिवशी तिला परत बोलावलं. तिचं डोकं शांत होतं, झोप झाली होती, सकाळी तिनं ओवीच्या वेण्या घातल्या होत्या.

"हा आता तुम्हालाच घ्यावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "नियमच आहे तसा. बरोबर जमलाय की नाही हे तुम्हीच सांगू शकता."

महिन्यातल्या मोजक्या चांगल्या दिवसांपैकी तो एक होता. रसिकानं फवारा घेतला. रेघ आली, मळमळ आली, खिळा आला.

"हीच का?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"डाव्या भुवईखाली कमी आहे."

त्यांनी प्रमाण बदललं, पुन्हा दिला, पुन्हा विचारलं. "आता?"

"हो. हीच."

लगेच त्यांनी दुसरा फवारा मारला, आणि कुणी दिवा विझवावा तशी डोकेदुखी गेली. रसिका ताडकन उठून बसली. "हा! हा मला द्या ना!"

"तो फक्त उतारा आहे. आम्ही घातलेले रेणू तेवढे तो विरघळवतो. त्यांच्यावर तशी खूण केलेली असते. तुमच्या शरीरानं तयार केलेल्यांना तो ओळखत नाही."

"म्हणजे ज्याला माझी डोकेदुखी उसनी मिळेल त्याला उतारा आहे," रसिका सावकाश म्हणाली. "आणि जिची ती आहे तिला नाही."

डॉक्टर फवाऱ्याला टोपण लावू लागल्या. तेवढ्यात दारात उभा असलेला हर्षल पुढं आला. "मॅडम, मी घेऊन बघू का? समितीच्या आधी एकदा. मला जाणून घ्यायचंय."

डॉक्टरांनी रसिकाकडं पाहिलं.

"तुझी मर्जी," ती म्हणाली.

हर्षल खाटेवर आडवा झाला. हसत होता. पायरीवरून पडून मनगट मोडलं होतं तेव्हाही आपण ओरडलो नव्हतो, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. मग तो बोलायचा थांबला. मग त्यानं दिवा बंद करायला सांगितलं. थोड्या वेळानं तो खाटेवरून उतरून गार फरशीवर गालावर झोपला आणि डावा डोळा तळहातानं दाबून धरला. रसिका भिंतीला टेकून बघत होती. अगदी अशीच ती न्हाणीघराच्या फरशीवर झोपायची. स्वतःला तिनं कधी बाहेरून पाहिलं नव्हतं.

"बस, बस," तो कण्हत म्हणाला. "काढा. मरून जाईन मी. काढा."

उतारा मिळाल्यावर तो भिंत धरून उठला. घरी परतताना अंबाझरीच्या वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"मला माफ कर रसिका. मला माहीतच नव्हतं."

"मी सांगितलं होतं."

"अगं पण हे इतकं—"

"इतकंच सांगितलं होतं. डोळ्यात खिळा ठोकतात म्हटलं होतं. कवटी लहान पडते म्हटलं होतं. तू म्हणाला होतास, वाढवून सांगू नकोस. बडनेऱ्याच्या लग्नात म्हणाला होतास. तुझ्या बहिणीसमोर."

हर्षलनं डोळे पुसले. "चुकलो मी. पण आता बसला ना माझा विश्वास."

"कुणावर?"

"तुझ्यावर. आणखी कुणावर?"

"माझ्यावर नाही बसला हर्षल. त्या फवाऱ्यावर बसला." तिचा आवाज चढला. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी कडेनं जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं वळून पाहिलं. "मी तुझ्या शेजारी झोपते. माझं खोटं तुला एका नजरेत कळतं म्हणतोस. आणि या एका गोष्टीत तुला माझा शब्द पुरला नाही? तुझ्या डोक्यात ते घालावं लागलं?"

इतका मोठा पश्चात्ताप करूनही आपण गुन्हेगारच कसे, हे त्याला कळेना. त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं, आणि म्हणून तर ती आणखी चिडली.

घरी त्यानं आईला सगळं सांगितलं. ज्योत्स्नाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माह्या लेकराले केवढा तरास झाला असंल बाप्पा!" म्हणत त्यांनी वाटीत तेल कोमट केलं आणि संध्याकाळभर त्याच्या डोक्याला चोळत बसल्या. रसिका भाकऱ्या थापत होती. अर्धा तास दुखलेल्या डोक्याला तेल मिळालं होतं.

मग हर्षल सगळीकडंच सांगू लागला. ऑफिसात, वाढदिवसांना, सोसायटीच्या सभेत. "मी स्वतः घेतली," तो सुरुवात करायचा, आणि लोक हातातल्या प्लेटा खाली ठेवून ऐकायचे. त्याला सांगताही छान यायचं. बायका डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, "किती सोसलं हो तुम्ही." एका स्थानिक वाहिनीनं त्याला बोलावलं. निवेदिकेनं त्याला शूर म्हटलं. त्याच्या शेजारच्या खुर्चीत रसिका बसली होती. तिला शेवटी एक प्रश्न आला, "असा नवरा मिळाल्याबद्दल काय वाटतं?"

*

पडताळणी समितीचे अध्यक्ष दिगंबर मोहरील नावाचे निवृत्त अभियंता होते. गोरे, हसरे, स्वच्छ पांढरा शर्ट. कंपनीच्या कार्यालयात त्यांच्यासाठी एक खाट मांडून ठेवली होती, शेजारी पाण्याचा जग आणि टॉवेल. टेबलापलीकडं समितीचे आणखी दोन सदस्य, शिवाय सोनटक्के आणि कंपनीचे वकील. डॉ. खोब्रागडे फवाऱ्याची डबी घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. हर्षल मागच्या रांगेत होता.

"घाबरू नका हं बेटा," मोहरील रसिकाला म्हणाले. "मी मुतखडा सोसलाय. वेदना म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमच्यावर अन्याय होणार नाही. असह्य वाटली तर मी इथंच सही करीन." त्यांनी बाह्या वर सरकवल्या. "चला मॅडम, द्या."

"थांबा," रसिका म्हणाली. "माझी परवानगी नाही."

वकिलांनी मान वर केली. "तुम्ही पडताळणी नाकारताय? त्याचा अर्थ काय होतो, माहीत आहे ना? नोकरी जाईल."

"माहीत आहे. फक्त डॉक्टरांना एक विचारायचंय." ती कोपऱ्याकडं वळली. "मॅडम, हा फवारा माझ्याच डोकेदुखीचा आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टरांनी डबी मांडीवर ठेवली. "रक्तातल्या प्रमाणावरून."

"तेवढ्यावरून जमलं का?"

"नाही." त्यांनी रसिकाकडं पाहिलं. "डाव्या भुवईखाली कमी होतं. तुम्ही सांगितलंत, म्हणून बदललं."

"आणि सगळ्यांचं असंच करता?"

"सगळ्यांचं. शेवटचं प्रमाण रुग्णाला विचारूनच ठरतं. दुसरा मार्ग नाही. वेदना मोजायचं यंत्र अजून जगात कुणाकडं नाही. उद्या माझं औषध लागू पडलं की नाही, हेही मी रुग्णालाच विचारणार."

रसिका मोहरिलांकडं वळली. "ऐकलंत ना? माझ्या शब्दावर तो फवारा बनलाय. माझा शब्द खोटा असेल तर तो फवाराही खोटा. आणि फवारा खरा मानत असाल, तर माझा शब्द आधीच खरा मानलाय तुम्ही. मग खाट कशाला घातली?"

"तर्क ठीक आहे," मोहरील समजुतीनं म्हणाले, "पण अनुभव म्हणजे अनुभव. मी घेतो ना. तुमच्या भल्याकरताच घेतो. घेतल्यावर मी छातीठोकपणे सांगू शकेन की ही बाई खरं बोलते."

"मीच सांगतेय ना ते! इथं उभी राहून, शुद्धीवर, स्वच्छ मराठीत सांगतेय." तिनं दोन्ही हात टेबलावर टेकवले. "आमच्या कक्षात दिवसभर फोन येतात. छातीत दुखतंय, बाळ अडलंय, बाप पडलाय. मी कुणाला म्हणत नाही की थांबा, आधी माझ्या छातीत दुखू दे, मग गाडी सोडते. सोनटक्के सर, म्हटलं कधी? म्हटलं असतं तर त्याच दिवशी काढलं असतंत मला, आणि बरोबरच होतं ते. अनोळखी माणसाचा फोनवरचा शब्द खरा, आणि तुमच्यासोबत इतकी वर्षं काम करणारीचा खोटा? का? मी बाई आहे म्हणून? की डोक्यातून रक्त येत नाही म्हणून?"

सोनटक्के पाण्याच्या जगाकडं बघत होते.

"आणि मोहरील सर, समजा तुम्ही घेतली. तुम्ही रडलात, सही केलीत. सगळे म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. उद्या दुसरी बाई येईल. तिच्यासाठी आणखी कुणी माणूस आणायचा आडवा व्हायला? या राज्यातल्या प्रत्येक दुखऱ्या माणसासाठी एक साक्षीदार आडवा करणार आहात तुम्ही? आणि तो मिळेपर्यंत आम्ही सगळे लबाड?"

मोहरिलांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ते दुखावले होते. आपण देऊ केलेली एवढी मोठी गोष्ट कुणी परत करतं, हे त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. "पडताळणी नाकारल्याची नोंद करा," ते सदस्यांना म्हणाले, आणि बाह्या खाली करून बटणं लावू लागले.

त्याच दुपारी रसिकाची नोकरी गेली.

*

"तू त्या आजोबांना घेऊ दिलं असतंस तर नोकरी राहिली असती ना?" ओवीनं विचारलं. दोघी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या.

"राहिली असती."

"मग?"

"तुझं पोट दुखलं आणि मी म्हटलं, आधी माझं दुखू दे, मग औषध देते, तर?"

ओवीनं विचार केला. "मी तुझ्याशी बोललेच नसते."

"झालं तर."

रसिका न्यायालयात गेली. वकील मिळाली ती भंडाऱ्याची एक तरुण मुलगी, जिच्या वडिलांना असंच एका डोळ्यामागं दुखायचं, दरवर्षी त्याच ऋतूत, दररोज त्याच वेळी, आणि गावात त्यांना वेडं ठरवलं होतं. रसिकानं समितीपुढं जे म्हटलं ते वर्तमानपत्रात चार ओळींत आलं होतं. पण ज्यांना वाचायचं होतं त्यांनी वाचलं. इचलकरंजीतल्या यंत्रमागावरच्या दोन बायकांनी पडताळणीसाठी रक्त द्यायला नकार दिला. धुळ्यातल्या एका एसटी चालकानं दिला. मग एका शाळेतल्या शिक्षिकेनं. तिनं समितीला फक्त एवढंच सांगितलं, "मी सांगितलंय."

डॉ. खोब्रागडेंनी न्यायालयात शपथेवर तेच सांगितलं जे समितीपुढं सांगितलं होतं. त्या साक्षीनंतर संस्थेनं त्यांच्याकडून विभाग काढून घेतला. रसिका त्यांना भेटायला गेली तेव्हा त्या खोलीतलं सामान खोक्यांत भरत होत्या.

"माझं डोकं आयुष्यात कधी दुखलेलं नाही," त्या म्हणाल्या. "या विषयात आले तेव्हा रुग्णांचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऐकत गेले म्हणून ते दार सापडलं. आणि मग मीच असं यंत्र करून दिलं की, कुणाला ऐकायची गरजच राहू नये." त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली. "तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात."

"हो," रसिका म्हणाली. "पण खोकी उचलू लागते."

निकाल लागायला पावसाळा आणि हिवाळा गेला. न्यायाधीशांनी सक्तीची पडताळणी रद्द केली. निकालात लिहिलं होतं की वेदनेच्या बाबतीत सांगणाऱ्याचा शब्द हाच पहिला पुरावा आहे, आणि तो खोटा आहे असं ज्याला वाटतं त्यानं ते सिद्ध करावं. रसिकाला कामावर परत घेण्याचा आदेश झाला. औषधाबद्दल निकालात काही नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. ते औषध अजून अडलेलंच होतं. आदल्याच रात्री तिला झटका येऊन गेला होता आणि निकाल ऐकताना तिचं डोकं आतून सोलल्यासारखं हुळहुळत होतं.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. ज्योत्स्नाबाई दिवाणावर मटार सोलत होत्या. हर्षलनं आजकाल लोकांना ती गोष्ट सांगणं बंद केलं होतं. केव्हा बंद केलं, हे रसिकाच्या लक्षात आलं नव्हतं. दोघांमध्ये अजून बरंच काही अवघडलेलं होतं. माफ केलं असं तिनं म्हटलं नव्हतं, आणि त्यानंही पुन्हा मागितली नव्हती. मात्र ती अंधारात पडली की तो आता काही न बोलता दार लोटून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशीही काही म्हणायचा नाही.

फोन पुन्हा वाजला. रसिकानंच उचलला. एका मोठ्या वाहिनीवरून कुणी मुलगी बोलत होती.

"हिवरकर सरांचं घर ना? त्यांच्याशी बोलायचं होतं. त्यांनी स्वतः ती वेदना अनुभवली होती ना, तर निकालावर त्यांची प्रतिक्रिया हवी होती. थेट प्रक्षेपण आहे."

रसिकानं फोन हर्षलसमोर धरला.

त्यानं तो घेतला. पलीकडचं पूर्ण ऐकून घेतलं. ज्योत्स्नाबाईंनी मटार सोलायचं थांबवलं. लेक टीव्हीवर बोलणार म्हणून त्या सावरून बसल्या.

"मॅडम, मला अर्धाच तास दुखलं," हर्षल म्हणाला. "आणि त्याच्यावर उतारा होता. मला काय विचारता? ही माझ्यासमोर उभी आहे. हिला विचारा."

पलीकडून ती मुलगी काहीतरी म्हणत राहिली. सरांचा अनुभव प्रेक्षकांना जास्त भिडतो, असं काहीसं असावं. हर्षलनं फोन कानापासून दूर केला आणि रसिकाच्या हातात दिला. मग तो आईशेजारी जाऊन बसला आणि तिच्या मांडीवरचं मटारचं ताट आपल्याकडं ओढून घेतलं.

"हॅलो? सर?" फोनमधून आवाज आला.

"सर नाही. मी रसिका हिवरकर," ती म्हणाली. "डोकं माझं दुखतं. आता ऐका."

आणि ती बोलू लागली.